कच्चा टाका

नवं मराठी राज्य होऊन चार-दोन वर्षं झालेली. भरल्या आभाळाची ती दुपार, आणि वच्छला फिसकन हसली. हसणार नाही तर काय हो! मोताळ्याच्या स्टँडजवळ, तिच्या बापाच्या गाद्या शिवायच्या दुकानापुढे गावच्या बड्या हिंमतरावांची जुनी मोटार थांबली होती, अन् छताचं सुटलेलं कापड ड्रायव्हरच्या डोक्यावर थेट पदरासारखं आलेलं.

“सासरी निघाले काय?” तिनं विचारलं.

“कोनी नेत असंल त निघू...” ड्रायव्हर सहदेव म्हणाला. अन् बघतच राहिला, मेला.

बापाच्या, पुंजाजीच्या, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. सुई आता लेकीच्याच हातात होती. तिनं सीटांत नवा काथ्या भरला, दारांना रेक्झिन चढवलं. सहदेव रोज नवं निमित्त काढून यायचा — आज दाराची आतली मूठ ढिली, उद्या काच फिरवायचा दांडा... पुंजाजीला दिसत नव्हतं, पण कळत सगळं होतं. तो खोकायचा, एवढंच.

मग हिंमतरावांनी गाडी अकोल्याच्या शेटला विकली. गाडीबरोबर ड्रायव्हरही जायचा होता. वच्छलेच्या काळजात चर्र झालं. अशा बापाला टाकून ती कुठं जाणार? छताचं काम तेवढं उरलेलं. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा कोपरा तिनं नुसत्या कच्च्या टाक्यानं धरून ठेवला. सुटेल लवकरच, अन् तो दुरुस्तीला परत येईल... वेडी पोर.

पण जायच्या आदल्या दिवशी सहदेव पुंजाजीजवळ बसून सांगत होता, की शेट आधी गाडी आतून-बाहेरून पाहणार. काही ढिलं निघालं तर ड्रायव्हरच बदलणार. घरी म्हातारी आई, लग्नाच्या दोन बहिणी.

वच्छलेनं सगळं ऐकलं. सकाळी वाकडी सुई घेऊन ती गाडीत बसली. डोळे भरून येत होते, तरी टाका वाकडा गेला नाही.

निघताना सहदेवनं छतावरून हात फिरवला, अन् थबकला.

“पक्का काऊन केला?”

“म्हणजे... तुमाले मालूम होतं?”

“परवाच पाह्यला म्या. त्याच टाक्याच्या आशेवर निघून राह्यलो होतो, वच्छले.”

तिनं वाकडी सुई पदरात खोचली.

“तुमच्यावर जीव हाये माहा,” ती शेवटी म्हणाली, “म्हनून पक्का केला.”

भुरभुर सुरू झाली. त्यानं मान खाली घालून काच वर चढवली. गाडी नांदुऱ्याच्या रस्त्याला लागली. वच्छला कान देऊन उभी होती, पण आतलं काहीच खडखडलं नाही. काम फार चांगलं झालं होतं.