दिवस मावळायच्या आत

ज्याला पटणार नाही त्यानं इथंच थांबावं. मला कुणाला घाबरवायचं नाही. लॅपटॉपवर जे दिसलं, तेवढंच सांगतोय.

गेल्या शुक्रवारची संध्याकाळ. सांगलीजवळ, समडोळी रस्त्याला आमचं घर.

आम्ही जैन. दिवस मावळल्यावर आई पाणीसुद्धा घेत नसे. आणि मी जेवल्याशिवाय ती ताटावर बसत नसे.

लॉकडाऊनपासून मी घरूनच काम करायचो. मिटिंग चालू असली तरी ती माझ्या मागे दारात येऊन उभी राहायची.

"आर्जव, दिस बुडाय लागलाय रं. चार घास खाऊन घे आदी."

सगळे हसायचे. मी कॅमेरा बंद करून जेवायचो. मग ती.

मग कंपनीनं सगळ्यांना पुण्याला ऑफिसात बोलावलं. आईला शुगर होती. गोळी घेऊन उपाशी राहणं धोक्याचं. मी आमच्या मॅनेजरना, वीरधवल सरांना म्हटलं, सहा महिने घरून करू द्या.

"आई सगळ्यांनाच असते, आर्जव. नियम तो नियम."

आणि पुण्यात काय केलं? हेडफोन लावून त्याच ऑनलाइन मिटिंगा!

दिवस मावळायच्या आधी आईचा फोन यायचा. "जेवलास?" मी हो म्हटलं की ती जेवायची. एके दिवशी मिटिंगआधी सगळ्यांचे फोन बाहेर जमा करून घेतले. मिटिंग सुटेपर्यंत दिवस मावळून गेला होता.

ती वाट बघत राहिली. गोळी घेतली होती, पोटात काही नव्हतं. सकाळी शेजारच्या शालूबाईंना ती बेशुद्ध सापडली. मिरजेला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यानंतर सरांनी मोठ्या मनानं मला महिनाभर घरून काम करायची परवानगी दिली. वरातीमागून घोडं.

तर त्या शुक्रवारी घरात मी एकटाच. पुढचं दार आतून बंद. मिटिंग लांबली. भिंतीवरचं ऊन उतरत होतं…

स्वयंपाकघरात ताट ठेवल्याचा आवाज आला.

मांजर असेल म्हटलं.

"आर्जव, मागे किती पसारा दिसतोय. ब्लर कर," सर म्हणाले.

मी बटण दाबलं. ते माणूस तेवढा स्पष्ट ठेवतं, बाकी सगळं पुसट करतं. कपाट पुसट झालं. भिंत पुसट झाली.

आणि माझ्या मागे, दारात… बाईमाणसाएवढी एक जागा स्पष्टच राहिली.

तिथं कुणी नव्हतं. त्या जागेतून मागची दाराची फळी लख्ख दिसत होती.

मी वळून पाहिलं. काहीच नाही.

पडद्यावर ती जागा हलली… माझ्या खांद्यापाशी येऊन थांबली.

या वेळी कुणी हसलं नाही.

"आर्जव…" सरांचा आवाज बारीक झाला होता. "घरात कोण आहे?"

"सांगितलं होतं ना सर तुम्हाला. आई आहे."

ऊन गेलं. मी जेवलो नव्हतो. ती जागा हळूच मागे सरकली… आणि स्वयंपाकघराकडे निघून गेली.

पुन्हा उपाशीच.

तेव्हापासून मी उजेड असतानाच जेवतो. मग मोठ्यानं सांगतो, "आई, जेवलो गं." थोड्या वेळानं आत भांडं वाजतं.

भीती त्याची वाटत नाही.

काल मेल आलाय. सोमवारपासून पुन्हा ऑफिस. घराला कुलूप लावावं लागणार.

दिवस मावळायच्या आत तिला कोण सांगणार, मी जेवलो म्हणून?