गळ्यातला वाटा

तानपुऱ्याच्या घोडीवर, तारेखाली अडकवलेला सुती दोरा यामिनी हसबनीसने केसभर पुढे सरकवला. आतापर्यंत नुसती टणटणणारी तार गुंजू लागली. मिरजेत याला जवारी लागली म्हणतात. मग तिने कंठपट्टी गळ्यावर चिकटवली आणि षड्ज लावला.

त्याच क्षणी इचलकरंजीत, बेळगावात, थेट कॅनडातही माणसांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. त्यांच्या गळ्यांवरही तशीच कातडीच्या रंगाची पातळ पट्टी होती. यामिनीच्या स्वरतंतूंची थरथर आणि गळ्याच्या स्नायूंचा ताण तिची पट्टी टिपायची. त्यांच्या पट्ट्या ते सगळं सौम्य विद्युतस्पंदांनी त्यांच्या गळ्यांत उमटवायच्या. याला सहकंप म्हणत. तो फक्त भागधारकांना मिळायचा, म्हणजे ज्यांनी यामिनीच्या गाण्यात पैसे गुंतवले होते त्यांना. यंत्रांनी रचलेलं गाणं फुकट मिळू लागलं आणि सभागृहं ओस पडली, तेव्हा याच माणसांनी तिला जगवलं होतं. रियाजाची खोलीसुद्धा त्यांनी बांधून दिलेली.

तिच्या आवाजातही जवारी होती. स्वर लांबला की त्याच्या कडेने एक बारीक गुणगुण उठायची. लोक वेडे होते ते त्या गुणगुणीसाठी.

"ही बघ तुझी जवारी," दुपारी डॉक्टर शबाना मुजावरने पडद्यावर बोट ठेवलं. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. "डाव्या स्वरतंतूच्या कडेला. मोहरीएवढी."

"गाठ?"

"गाठ. इतकी वर्षं साधी होती. आता तिच्या पेशी बदलायला लागल्यात. आत्ता काढली तर गळा वाचेल. आवाज स्वच्छ होईल."

"स्वच्छ म्हणजे जवारी जाणार."

"मग काय, लोणचं घालून ठेवतेस तिचं?" शबाना चिडली होती. "थांबलीस तर पूर्ण स्वरयंत्र काढावं लागेल. तेही वेळेत आलीस तर. नाहीतर जिवावरच."

"भागधारकांना विचारावं लागेल."

"गळा कुणाचा आहे, बाई?"

आवाजाच्या मूळ गुणात बदल करायचा तर बहुमत हवं, असं भागधारकांशी झालेल्या करारात होतं. संमतीशिवाय केला, तर जाहीर गाणं बंद आणि शिकवणंही बंद. सही करताना यामिनीला हे कलम गोड वाटलं होतं. आपला आवाज बदलू नये असं कुणाला तरी इतकं वाटतंय!

भरवसा होता तो कुमुदताई देवरुखकरांचा. त्या तिच्या पहिल्या भागधारक, पूर्वीच्या संगीतशिक्षिका. कर्करोगात त्यांचं स्वरयंत्र काढलं होतं. हनुवटीखाली छोटं यंत्र धरून त्या एकसुरी आवाजात बोलायच्या. गाठ म्हणजे काय हे त्यांना समजावावं लागणार नव्हतं. त्यांच्या शब्दावर बाकीचे चालायचे.

"तपासण्यांचे कागद वाचून कुणी हलत नाही, पोरी," पेटीवर साथ करणारे अंतूकाका म्हणाले. "दुखतं ना? मग त्यांच्या गळ्यात दुखू दे."

ते शक्य होतं. गाणाऱ्याची वेदना ऐकणाऱ्यापर्यंत जाऊ नये म्हणून पट्टीत एक गाळणी होती. ती बंद करणं यामिनीच्या हातात होतं. आजवर तिने कधी केली नव्हती. पाहुण्यांना नासकं दूध कोण वाढेल?

भागधारकांच्या सभेच्या सकाळी तिने आधी डॉक्टरांचा निष्कर्ष वाचून दाखवला. मग गाळणी बंद करून ती गायला बसली.

मंद्रात फक्त खरखर होती. मध्य सप्तकात काटा रुतल्यासारखं झालं. तार षड्जाला पोचताना कुणीतरी आतून नखाने ओरबाडतंय असं वाटलं, आणि तरी ती तिथे थांबली. समोरच्या पडद्यावरच्या चौकटींत माणसं गळे धरून बसली होती. कुणी डोळे मिटले होते. कुमुदताईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं. एकानेही पट्टी काढली नाही.

यामिनीने तानपुरा खाली ठेवला. "कळलं?" एवढंच ती विचारू शकली.

सगळ्यांनी माना हलवल्या. अंतूकाकांनी तिच्याकडे पाहून डोळे मिचकावले.

मग मतदान झालं. शस्त्रक्रियेला नकार मिळाला, जवळपास एकमताने. पाठोपाठ निरोप आले. आज पहिल्यांदा तुमचं गाणं आमच्यापर्यंत पोचलं. इतकं सोसून गाता, आम्हाला कल्पनाच नव्हती. गाळणी आता कायमची काढाच. तिच्या गाण्यात वाटा मागणाऱ्या नव्या माणसांची रांग लागली. अंतूकाका पेटीचा भाता बंद करत होते. त्याची कडी त्यांच्या हातून बराच वेळ लागेना.

संध्याकाळी कुमुदताईंचा फोन आला.

"रागावलीस?" यंत्रातला आवाज सपाट होता, त्यातून काही कळायचं नाही.

"ताई, तुम्ही तरी..."

"मीही नाहीच म्हटलं. खोटं कशाला सांगू?"

"तुमचा गळा गेला तेव्हा तुम्हाला काय झालं, ते तुम्हीच मला सांगितलंत."

"म्हणून तर. माझा काढला, त्यानंतर तिथे काही दुखलंच नाही गं. तुझं गाणं यायचं, पण पाहुण्यासारखं. आज सकाळी दुखलं. तुझ्यासारखंच, आत. मला वाटलं, माझा गळा परत आला."

यामिनीने नकळत गळ्याला हात लावला. पट्टी अजून तिथेच होती, गाळणी सकाळपासून बंदच. आवंढा गिळला तसा काटा पुन्हा रुतला, आणि पलीकडे कुमुदताईंनीही एक दीर्घ श्वास घेतलेला तिला ऐकू आला.

"आहे, आहे," त्या म्हणाल्या. "यामिनी, उद्या रियाजाला लवकर बसशील?"