साठ तासांची सही

"एकशे बारा… एकशे तेरा…"

"ओ, ही मोटर कधी दुरुस्त हुईल?"

तांब्याची तार गुंडाळणारा त्याचा हात थांबला. "गेला की आकडा! आता पयल्यापासनं."

आवाज रागाचा, पण डोळे मात्र हसत होते… मी, बावीस वर्षांची शबनूर, घरची जळालेली पाण्याची मोटर घेऊन शाहूपुरीतल्या त्या रिवाइंडिंगच्या दुकानात उभी होते. आणि गप्प राहणं मला कधीच जमलेलं नाही.

"पण तार मोजायची कशाला?"

"वेढं कमी पडलं तर मोटर जळती. जादा झालं तर पाणी ओढत न्हाय." त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "शिकायचंय काय?"

शिकायचं होतंच! अब्बा आजारी पडले तेव्हा माझी बारावी अर्ध्यावर सुटली. यंदा मुक्त शाळेतून पुन्हा फॉर्म भरला होता, आणि केंद्रातल्या बाई म्हणाल्या होत्या, एका विषयाचे क्रेडिट, म्हणजे गुण, पेपर न देताही मिळतात. कुठंतरी साठ तास काम शिकायचं आणि शिकवणाऱ्याची सही आणायची.

त्याचं नाव शाहबाज. महिनाभर रोज दोन तास मी त्याच्यासमोर बसले. हा वास कसला? वार्निशचा. वार्निश कशाला? तो मोजत असला की नुसती भुवई उडवायचा, आणि मी ओठ मिटून त्याच्या बोटांकडे बघत राहायचे… जरा जास्तच. मी एकटीनं तार गुंडाळून भरलेली पहिली मोटर घुर्रकन फिरली, त्या दिवशी त्यानं स्वतःचा चहा बशीत ओतून माझ्यापुढे सरकवला.

साठावा तास संपला तसा मी फॉर्म पुढे केला. द्यायची शेवटची तारीख उद्याची होती. सही नसली की वर्ष गेलं. त्यानं पेन उघडलं, कागद वाचला… आणि पेन बंद केलं.

"का? तास पुरं झाल्यात की!"

"व्हय. पण हितं लिवलंय, सही करणारा विद्यार्थ्याचा नातेवाईक नसावा."

"मग? तुमी कुठं माझं पावणं लागताय?"

"न्हाय…" त्याचे कान लाल झाले. "पण लागायचं मनात हाय. उद्या कुणी म्हटलं सही खोटी, तर— तुझं वर्ष जाईल."

तुझं! आजवर तो मला कधी 'तू' म्हणाला नव्हता. इतका आनंद झाला की हसूच आवरेना.

"आज हाय काय नातं?"

"न्हाय."

"मग आजची तारीख घाला."

तो खुदकन हसला. सही केली, तारीख घातली, शाईवर हलकेच फुंकर मारली. मग कागदावरची नजर न उचलताच त्यानं विचारलं, "उद्या अम्मीला तुमच्या घरी धाडू?"

उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. पण मी आधी फॉर्म पिशवीत घातला, चेन ओढली, आणि मगच म्हणाले,

"चारनंतर धाडा. सकाळी मी फॉर्म द्यायला जाणार हाय."