खिडकीभोवतीची चंदेरी रेघ

तिनं त्याला पहिल्यांदा पाहिलं ते बंपरमध्ये. आत्याच्या क्रोम-पॉलिशच्या दुकानात ती नुकताच चमकवलेला बंपर पुसत होती, तेवढ्यात त्यात एक आडवं, पसरट ध्यान उमटलं. बेडूकच जणू. हसत हसत ती मागे वळली — तर बेडूक चांगला शेलाटा निघाला. आणि डोळे... असू दे.

"समोर गाड्या रंगवायचं दुकान टाकलंय," तो म्हणाला. "ओळख करून घ्यावी म्हटलं."

"म्हणजे गाड्यांची तोंडं काळी करणारे ते तुम्हीच?"

"लोक मागतात हो. क्रोम फार मिरवतं. पुढची सगळी जाळी चमकायला लागली की वाटतं, बाई पेटीतले सगळे दागिने घालून भाजी आणायला निघालीय. काळं कसं गप्प बसतं."

"लपवतं म्हणा. काळ्याखाली काहीही खपतं. क्रोमखाली पत्र्यावर एक चरा राहू दे, गावभर बोंब मारेल." पत्रा घासून तिच्या बोटांची पेरं झिजली होती, उगीच बोलत नव्हती ती.

आत्यानं त्याचं नाव 'काळ्या' ठेवलं. काळ्या रोज काहीतरी मागायला यायचा — कधी पाना, कधी चिंधी — आणि भांडल्याशिवाय जायचा नाही. तो आला नाही की हिचं काम मनासारखं उतरायचं नाही.

पण एक गोष्ट तिला सलायला लागली. तिनं चमकवलेल्या गाड्या पुढं त्याच्याकडून काळ्या होऊन निघायच्या. क्रोमवर रंग धरत नाही. आधी ते पॉलिशपेपरनं खरवडावं लागतं. आपली मेहनत खरवडताना ज्याला काही वाटत नाही, त्याच्यात जीव कसा गुंतवायचा? तिनं बोलणं तोडलं. पाना मागितला की आत्याला पुढं करायची.

मग डॉक्टरीणबाईंची गाडी मागच्या बंपरच्या कामाला आली. खिडकीभोवतीच्या काळ्या पट्टीचा कोपरा सुटला होता. तिनं नखानं ओढला, तर उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी अख्खी पट्टी हातात आली. रंग नव्हताच तो, चिकटवलेली फिल्म होती. खाली तिनं मागं चमकवलेली क्रोमची रेघ — जशी दिली होती तशीच.

ती साल हातात धरूनच रस्ता ओलांडून गेली.

"खरवडलं का नाही?"

तो हात पुसत राहिला. "दोनदा पेपर हातात घेतला... तुझे झिजलेले हात आठवायचे. तुमच्याकडून आलेल्या गाडीला फिल्मच लावतो मी. कुणाचं मन फिरलं तर काढता येते."

"म्हणजे क्रोम आवडायला लागलं?"

"जाळीचं माझं मत तेच आहे. पण खिडकीभोवतीची बारीक रेघ — तेवढी हवी. नाहीतर गाडी डोळे मिटून उभी असल्यासारखी दिसते."

"मग सांगायचं ना."

"सांगायला आलो की पाना घेऊन आत्या हजर."

ती हसली नाही. फिल्म बोटाभोवती गुंडाळत राहिली, सोडवत राहिली. "तुझ्या गाडीचा बंपर गंजलाय," शेवटी म्हणाली. "घेऊन ये. पण मी चमकवलेलं झाकायचं नाही."

"नाही झाकणार... काहीच."

बंपर झाला त्या दिवशी दोघं त्यावर वाकून बघत होते. आत दोन बेडूक, खांद्याला खांदा लावून. हलायचं कुणाच्याच मनात नव्हतं.

आत्यानं मागून एकदा पाहिलं आणि पाना उचलून कपाटात ठेवला.

"काळ्या, आता काही मागायला येऊ नकोस," ती म्हणाली. "नुसता येत जा."