घडीमागची ओळ

“सिसेल, न कळलेल्या शब्दापुढे मान डोलवू नकोस. थांब… आणि विचार.”

आई जाऊन सात वर्षं झाली, पण रोज पहाटे घंटेचा दोर हातात घेतला की तिचं हे सांगणं कानाशी येतं. आमच्या बंदरावरच्या चर्चची सकाळची घंटा मी वाजवते. शेवटी तीनदा तीन असे प्रार्थनेचे नऊ ठोके — आणि मगच कॉफीचा पहिला घोट. हा माझा नेम. आजारपणातही मोडलेला नाही.

त्या मंगळवारी नववा ठोका विरला आणि वरून आवाज आला, “संपलं का एकदाचं?”

मी दचकून वर पाहिलं. आमच्या चर्चमध्ये छताला एक छोटं लाकडी जहाज टांगलेलं आहे, खलाशांच्या नवसाचं. त्याच्याशेजारी शिडीवर एक माणूस… दातांत दोरा धरलेला, केस पावसानं भिजलेले.

“जहाजाची शिडं दुरुस्त करायला आलोय. मी एस्बेन. तुमच्या घंटेनं रोज माझी झोप मोडते, ठाऊक आहे?”

“मग लवकर झोपत जा की!”

“झोपतो हो. सातव्या ठोक्यापर्यंत डोक्यावर उशी असते, आठव्याला राग येतो… आणि नवव्याला वाटतं, कोण बरं असेल ही बाई?”

“कळलं ना आता?”

“अजून नीट नाही,” तो म्हणाला, आणि मी उगाचच दोराला गाठ मारत बसले.

तीन दिवसांचं काम त्यानं तीन आठवडे पुरवलं, आणि मधेच माझ्या घरासमोर भाड्यानं खोलीही घेतली. “नवं जहाज बांधतोयस की काय रे?” असं पाद्रीबाबांनीही विचारलं. संध्याकाळी आम्ही धक्क्यावर फिरायला जायचो. वारा कुठूनही येवो, एस्बेन न बोलता त्या बाजूला सरकायचा.

एक दिवस तिथंच त्यानं मला लग्नाचं विचारलं. “हो म्हणालीस ना, तर दुसऱ्या दिवशीची घंटा मी वाजवीन. तू झोपून राहा.”

“तू? पहाटे उठणार?”

“शब्द देतो.”

मी तोंड उघडणार, तोच त्याचा चेहरा उतरला. “थांब… आधी हे वाच.” पाकिटातून त्यानं चौघडी कागद काढला. “माझं पहिलं लग्न यापायीच मोडलं. रविवारी मुलांना गाणी शिकवताना तुझा चेहरा कसा फुलतो, ते मी शिडीवरून पाहिलंय, सिसेल.”

कागदावर एकच शब्द ठळक होता — ऑलिगोस्पर्मिया.

“म्हणजे काय?”

“म्हणजे मी बाप होणार नाही.”

“डॉक्टर असं म्हणाले?”

“ते बरंच काही म्हणाले… मी नुसती मान डोलवत होतो.”

मी कागद शेवटपर्यंत उलगडला. तळाची पट्टी मागे दुमडलेली होती. तिथं लिहिलं होतं, ‘नुकताच ताप येऊन गेला असल्यास तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी.’

“तेव्हा तुला ताप येऊन गेला होता?”

“न्यूमोनिया. पंधरा दिवस फणफणत होतो… पण त्याचा इथं काय संबंध?”

“मला नाही माहीत. चल, विचारू या.”

बसमध्ये मी त्याला सांगितलं, “माझं ‘हो’ या कागदावर टेकलेलं नाही.”

“माझं विचारणं टेकलंय गं,” तो हळूच म्हणाला.

दवाखान्यातल्या बोदिल नर्सबाईंचे केस पांढरे आणि आवाज खणखणीत. “वंध्यत्व म्हणजे वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही, इतकंच. ‘कधीच नाही’ असं ते सांगत नाही. ऑलिगोस्पर्मिया म्हणजे शुक्राणू कमी. अजिबात नसतील तर त्याला अझूस्पर्मिया म्हणतात, आणि त्यावरही कधीकधी उपाय निघतो. मोठ्या तापानं संख्या दोन-तीन महिने घसरू शकते. तुमची तपासणी तापानंतर किती दिवसांनी झाली?”

“महिन्याभरानं…”

“आणि पुन्हा आलाच नाहीत! एक फळी ओली दिसली म्हणून अख्खं जहाज मोडीत काढता का हो तुम्ही?”

एस्बेन बुटांकडे बघत राहिला. माझे कान तापले होते, तरी मी एकेक शब्द विचारून घेतला. शुक्राणू निवडून थेट गर्भाशयात सोडतात, ते आययूआय. स्त्रीबीज आणि शुक्राणू प्रयोगशाळेत एकत्र आणून गर्भ तयार करतात आणि मग गर्भाशयात ठेवतात, ते आयव्हीएफ. शब्द उलगडत गेले तसे लहान होत गेले.

नवी तपासणी झाली. आठवड्यानं फोन आला तेव्हा आम्ही धक्क्यावरच होतो.

“संख्या ठीक आहे,” बोदिलबाई म्हणाल्या. “हमी कुणालाच देता येत नाही हं… पण घाबरण्यासारखं काही नाही.”

एस्बेन पालथ्या होडीवर मटकन बसला. हसत होता, आणि डोळे वाहत होते. “चार वर्षं, सिसेल… चार वर्षं मी ती घडी उलगडली नाही.”

“हो,” मी म्हणाले.

“काय हो?”

“तू विचारलं होतंस ना… त्याला हो!”

त्यानं डोळे पुसले आणि हात पुढे केला. “आण मग ती चर्चची किल्ली.”

दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीच्या वेळी मला जाग आली. स्तोत्र वाचलं, सवयीनं शाल खांद्यावर घेतली… आणि खिडकीशी थबकले. समोरच्या घराचं दार हळूच उघडलं. मला जाग येऊ नये म्हणून एस्बेन बूट हातात घेऊन बाहेर आला. पायरीवर बसून त्यानं ते चढवले, विस्कटलेल्या केसांवरून एकदा हात फिरवला आणि चर्चची चढण धरली.

मी हाक मारली नाही. शाल काढली आणि पुन्हा पांघरुणात शिरले.

कॉफी मात्र अजून ओतली नव्हती; नऊ ठोके व्हायचे होते.