निर्मनुष्य खारजमीन

हरेश्वर घरत बांधावर बसून मोठ्याने पेपर वाचत होता आणि त्याची बायको सुगंधा वाफ्यातलं मीठ ओढता ओढता ऐकत होती. मिठाच्या लखलखाटाने गेलेली हरेश्वरची नजर मागच्या वर्षी परत आली होती. त्याच्या डोळ्यात बसवलेला पातळ कृत्रिम पडदा प्रकाश टिपणाऱ्या एका प्रथिनाचा होता. ते प्रथिन लवणप्रेमी जीवाणू तयार करतात. जिथे दुसरं काही जगत नाही अशा खाऱ्या पाण्यात ते सुखाने नांदतात आणि पाणी लालसर करून टाकतात. आठ वर्षांपूर्वी संशोधक डॉक्टर इरावती सबनीस याच मिठागरातून असं लाल पाणी घेऊन गेल्या होत्या. बाटली सुगंधानेच भरून दिली होती.

तेवढ्यात बांधाशी टँकर येऊन थांबला. पडदे बनवणाऱ्या कंपनीचा अधिकारी उतरला.

"या वाफ्यांत जीवाणू मारायचं औषध सोडायचंय. हा जीवाणू आमच्या नावावर नोंदलेला आहे. इथून दुसऱ्या कुणी तो नेता कामा नये."

"आमच्या पाण्यातला जीव तुमच्या नावावर कसा?" हरेश्वरने विचारलं.

अधिकाऱ्याने नोंदणीचा कागद पुढे केला. हरेश्वरने तो वाचला आणि त्याचा आवाज चढला. "सापडल्याचं ठिकाण, निर्मनुष्य खारजमीन!"

सुगंधा तरातरा लाल पाण्यात उतरली आणि टँकरच्या नळीसमोर उभी राहिली. "चार पिढ्या आमचे पाय या पाण्यात सोलपटले. मग मी कोन? मी मानूस नाय का? सोडा औषध, माझ्या अंगावर सोडा!"

बघता बघता शेजारच्या मिठागरांतल्या बायकाही तिच्याभोवती येऊन उभ्या राहिल्या. टँकर परत गेला.

हरेश्वरने फोन केला तशा दुपारी इरावतीबाई धावत आल्या. त्याच कंपनीतली आपली नोकरी त्या त्याच दिवशी सोडून आल्या होत्या. "सुगंधाताई, या नोंदणीविरुद्ध तक्रार करा, सुनावणीत मी साक्ष देईन. माझ्या वहीत तुमचं नाव आहे, तारीख आहे. नोंदणी रद्द होईल."

"मग कागदावर निर्मनुष्य कुनी लिहिलं?"

"वकिलांनी. लोकांची नावं आली की त्यांची परवानगी लागते, म्हणून."

"तुम्हाला कधी कळलं?"

इरावतीबाईंनी मान खाली घातली. "नोंदणीचा अर्ज जाण्यापूर्वी माझ्याकडे सहीसाठी आला होता."

सुगंधाने ओले हात पदराला पुसले. "म्हंजे तुम्ही तो वाचलात," ती म्हणाली, "आणि तरी सही केलीत?"