एकाच नंबरवर दोघी

ही गोष्ट खरी आहे. जिच्या घरात घडली ती इरम्मा माझी सख्खी मावशी, आणि ज्याच्या हातून घडली तो शिवकुमार माझा मावसभाऊ. भुताखेतांची टिंगल करण्यात आमच्या सगळ्या खानदानात तो पुढे. आता कोणी तसा विषय काढला की मुकाट्यानं उठून बाहेर जातो.

तुम्ही म्हणाल, अमावस्येची रात्र असेल. नव्हती. मागच्या उन्हाळ्यातली भर दुपार होती. गाव अणदूर.

शिवकुमार घरी बसून वेबसाइट बनवायची कामं करतो. आमच्या भागातल्या एका शेतकरी कंपनीचं काम त्यानं घेतलं होतं. कंपनीच्या तीन वेबसाइट होत्या. एक दूध घालणाऱ्यांची, एक खत-बियाण्याची, एक जनावरांच्या डॉक्टरची. तिन्हींचे पासवर्ड वेगळे. लोक पासवर्ड विसरायचे आणि ह्याला फोन करून झापायचे. म्हणून ठरलं की सिंगल साइन-ऑन करायचं. म्हणजे एकदा लॉगिन केलं की तिन्हीकडची दारं उघडी.

अडचण एकच होती. तिन्हीकडचा माणूस एकच आहे हे ओळखायचं कशावरून?

त्यानं सोपा मार्ग काढला. मोबाइल नंबर. नंबर एक तर माणूस एक.

शहरात हे चालतं हो. आपल्याकडं घरात एक नंबर आणि त्यावर अख्खं घर असतं. शहाण्याच्या हे ध्यानात यायला हवं होतं, कारण त्याच्या स्वतःच्या घरात तेच होतं.

मावशीला जाऊन दोन वर्षं झाली होती. घरच्या म्हशीचं दूध मात्र अजून तिच्याच नावावर आणि तिच्याच नंबरवर जायचं. नाव बदलायला कुणाला सवड होती? लग्नानंतर शिवकुमारनं मावशीचा फोन बायकोला, गायत्रीला दिला. गायत्री भूमकडच्या ईट गावची. तिनं सासूला कधी पाहिलंच नव्हतं. आमच्या घरातलं कानडी तर तिला ओ की ठो कळायचं नाही. त्याच नंबरवर तिनं डॉक्टरच्या वेबसाइटवर आपलं नाव घातलं होतं.

त्या दुपारी पहिली चाचणी शिवकुमारनं घरच्याच नंबरवर घेतली.

आत गायत्री भाकरी थापत होती. थप थप, आणि त्याबरोबर बांगड्या.

स्क्रीनवर दोन खाती सापडली. त्यानं 'एकत्र करा' दाबलं.

नमस्कार, इरम्मा.

तो हसला. जुन्या खात्याचं नाव वर आलं, एवढंच.

मग त्याच्या लक्षात आलं...

आतला आवाज थांबला होता.

थोड्या वेळानं थापणं परत सुरू झालं. पण आता ते संथ होतं, जड हाताचं. आणि बांगड्या वाजत नव्हत्या...

तो उठून दारात गेला. गायत्री रोज ओट्यापाशी उभी राहून भाकरी करायची. आता ती खाली बसली होती, पाठमोरी. हात वर-खाली होत होते. हातभर हिरवा चुडा. आवाज नाही.

"गायत्री?"

तिनं मान वळवली नाही.

तेवढ्यात शेजारची अयोध्याबाई विरजण मागायला आली. वाडगा घेऊन आत गेली आणि लगेच बाहेर आली. वाडगा रिकामाच होता.

"शिवकुमार, तुझ्या बायकूनं मला अयव्वा म्हणून हाक मारली."

"मग?"

"तसं मला फकस्त तुझी आई म्हणायची. ते बी आमी दोघीच असलो की. तुला सुदिक ठाव न्हाय ते."

एवढं हळू आवाजात बोलून ती चप्पल न घालताच निघून गेली.

आणि आतून हाक आली...

"शिवू, ऊटा माडु बा."

जेवायला ये. मावशीचं, त्याच्या अव्वाचं, रोजचं वाक्य. गायत्री त्याला 'अहो' म्हणायची, आणि कानडीचा एक शब्द तिला येत नव्हता.

शिवकुमारच्या मनात एकच आलं. अव्वा इथं आहे, तर गायत्री कुठं आहे?

तो धावत कॉम्प्युटरपाशी आला. त्यानंच बनवलेलं एक बटण होतं, 'सगळीकडून बाहेर काढा'. त्यानं दाबलं. स्क्रीन कोरी झाली.

मग आपोआप अक्षरं उमटली.

नमस्कार, इरम्मा.

मावशीचा तो फोन त्याच्या कोपरापाशी चार्जिंगला लावलेला होता. त्याला कुणी हात लावला नव्हता.

तो परत परत दाबत राहिला. ती परत परत येत राहिली.

शेवटी त्याला कळलं. नंबर दोघींना जोडलेला होता. तो अव्वाकडून काढून एकट्या गायत्रीला द्यायला हवा. त्यानं तसं लिहिलं. आता फक्त तेच बटण पुन्हा दाबायचं राहिलं होतं.

मागून पावलं आली...

घासत येणारी. शेवटची काही वर्षं मावशीचा गुडघा दुखायचा, ती तशीच चालायची.

पावलं खुर्चीमागं थांबली. खांद्यावर हात पडला, पिठानं माखलेला.

"शिवू..."

त्याला वळून बघायचं होतं. फार बघायचं होतं. आई गेल्यापासून ज्या हाकेसाठी तो झुरत होता, ती कानाशी आली होती.

"अव्वा, गायत्रीला सोड," तो म्हणाला. वळला नाही. बटण दाबलं.

हात खांद्यावर तसाच राहिला...

मग कानाशी बांगड्या वाजल्या.

"अहो, मी इथं कशी आले? भाकरी करपली की."

शिवकुमार तिला धरून लहान पोरासारखा रडला. नंबरावरून खाती जोडायचं त्यानं त्याच दिवशी काढून टाकलं. गायत्रीला त्यानं काही सांगितलं नाही, तिला काही आठवत नाही असं धरून चालला.

आठवडाभरानं संध्याकाळी चहा देता देता तीच बोलली.

"अहो, त्या दिवशी आत्याबाई आल्त्या माझ्याकडं, तुमच्या आई, फोटोत हायेत तशाच. 'घटकाभर माझ्या जागी बस, लेकाला जेवू घालून लगेच येते,' म्हणल्या. मी बसले. अंधार होता, पण भ्या वाटलं न्हाय."

"मग?"

"मग कुणीतरी ओढल्यागत मी परत निघाले. त्या वाटंत उभ्या होत्या, रडत. 'शिवूनं मला सगळीकडून बाहेर काढलं,' म्हणल्या. 'आता जिथनं आले तिथलं दार बी उघडंना.'"

त्या रात्रीपासून गायत्री न चुकता दाराला आतून कडी लावते. सकाळी ती काढलेली असते. शिवकुमार म्हणतो, मी हातही लावला नाही.